बोलू दे तिला, पण पाण्याची पाळी लिहून घे

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून एका सुनेचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणाली म्हणून देत नाही, आणि ओळख पटेल अशा दोनचार गोष्टीही काढून टाकल्यात. थोडक्यात सांगायचं तर दोघं भाऊ, लहान्याचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी चुली वेगळ्या झाल्या, पण अंगण एक, सातबारा एक आणि वावरातली विहीर पण एकच. मोठी जाऊ रोज काही ना काही काढते. नळ आला की भांडण, कोंबडी सपरीत शिरली की भांडण, पोट्ट्यांचा बॉल तिच्या दारात गेला की भांडण, आणि तोंडानं बोलून झालं की व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस, नाव न घेता पण साऱ्या गावाले समजंल असं. यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणात भरल्या पंगतीत म्हणाली, "पुरन इटलं वाट्टे, हातालेच बरकत नाई." ही पोरगी तिथंच रडली, मग ओरडली, मग हातातली परात आपटली, आणि तेव्हापासून गावात चर्चा परातीची आहे, जाऊ काय बोलली ते कोणालाच आठवत नाही. नवरा म्हणतो लक्ष देऊ नको. सासू इकडचं तिकडे करते. पुढचं तिच्याच शब्दात देते: "ताई, गप बसली तर लोक म्हणतात हिचंच चुकलं असंन, बोलली तर म्हणतात दोघीबी सारख्याच. छातीत धडधडते, रात्री झोप नाही, राग पोरावर निघते. मी शांत राहू तरी कशी? आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाले तिले बोलवू का नको?"

पोरी, पहिले एक सांगते, "लक्ष देऊ नको" हे सांगणं सोपं आहे पण एका अंगणात राहून ते कोणालाच जमत नाही, तेव्हा तुला जमत नाही म्हणून स्वतःला कमी समजू नको. जिच्या दाराचा आवाज तुझ्या स्वयंपाकघरात येतो तिच्याकडे लक्ष जाणारच. शांत राहायचं म्हणजे ऐकू न आल्यासारखं करायचं असं मी तुला सांगणार नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं तेव्हा मधल्या एका अर्ध्या ओळीवर अडले. तू लिहिलंस, "हरभऱ्याले पाणी द्यायच्या दिवसात तर विचारूच नका." आणि मग लगेच पुन्हा पुरणावर गेलीस. मला तर वाटते सारं त्या अर्ध्या ओळीतच आहे. विहीर एक, मोटर एक, आणि विजेची लाइन एक आठवडा दिवसाची तर एक आठवडा रात्रीची, आणि तूच पुढं लिहिलंस की दिवसाची लाइन असली की भासरे, म्हणजे तुझे मोठे दीर, मोटरीचा ताबा सोडत नाहीत आणि रात्रीच्या लाइनीला तुझा नवरा दोन वाजता बॅटरी घेऊन थंडीत वावरात जाते, साप-विंचवाचं भेव वेगळंच. ही खरी गोष्ट आहे. ही तुमच्या पिकाची, त्याच्या जिवाची गोष्ट आहे. आणि तुमच्या घरात कोंबडी, बॉल, पुरण यावर तासतास भांडण होते पण पाण्याच्या पाळीवर शांतपणे कोणी कोणाशी एक अक्षर बोललेलं नाही. सारी ताकद आरडाओरड्यात जाते आणि जे विचारायचं ते विचारायचंच राहते, भांडखोर माणसासोबत राहणाऱ्या लय जणांचं असंच होते.

म्हणून आधी मनात वेगळं करून घे. ज्या गोष्टीनं पैसा, पाणी, जमीन, पोराची तब्येत यातलं काही बदलते, किंवा कोणाच्या अंगावर हात जाते, ती खरी गोष्ट. बाकी सारा आवाज. कोंबडी आवाज, स्टेटस आवाज, "हाताले बरकत नाई" पण आवाजच, कितीही झोंबला तरी. आवाजाला उत्तर द्यायचं नाही, खऱ्या गोष्टीला मात्र सोडायचं नाही. ही वाटणी भांडणाच्या वेळी डोक्यात करता येत नाही, ती आधीच करून ठेवावी लागते, दुपारी निवांत बसून.

आता त्या धडधडीचं. समोरचं माणूस अंगावर आलं की शरीर लढायच्या तयारीला लागते, अ‍ॅड्रेनॅलिन सुटते, ठोके वाढतात, हात थरथरतात, यात तुझ्या स्वभावाचा दोष नाही. अमेरिकेतले जॉन गॉटमन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नवरा-बायकोच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केला, भांडताना त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. त्यांचं म्हणणं असं की ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं धड ऐकू येत नाही आणि नीट विचारही करता येत नाही, अशा वेळी बोलणं थांबवून निदान २० मिनिटं बाजूला व्हावं. भांडण संपलं तरी अंग लगेच निवत नाही, मोटर बंद केल्यावरही पाइपातलं पाणी थोडा वेळ येतच राहते तसं आहे हे. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या २० मिनिटांत मनातल्या मनात तेच भांडण पुन्हा चालवायचं नाही, नाही तर ठोके उतरतच नाहीत. तू लिहिलंस की भांडण झालं की तू लगेच माहेरी आईला फोन लावते आणि सारं पहिल्यापासून सांगते. आईला सांग, जरूर सांग, पण त्याच घटकेला नको, रात्री जेवणं झाल्यावर सांग. लगेच सांगितलं की तिकडे आई तापते, ती तुला आणखी चार गोष्टी आठवून देते आणि तू फोन ठेवते तेव्हा आधीपेक्षा जास्त पेटलेली असते.

त्या वेळी कर काय तर श्वास सोडणं लांबव. घ्यायला जेवढा वेळ लागते त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लाव, असं पाच-सहा वेळा, कोणाला दिसत पण नाही, भाकर थापता थापता होते. श्वास सावकाश सोडला की ठोके खाली येतात, हा शरीराचा नियमच आहे. आणि तिथून उठायचं निमित्त आधीच ठरवून ठेव, दूध तापवायचं आहे, वाळवण उचलायचं आहे, काहीही. "दूध वर येईन, मी येते" एवढं साध्या आवाजात म्हणायचं आणि आत जायचं. दार आपटून नको, दार आपटलं की ते उत्तर होते.

बोलायचं काय हे पण लिहून देते कारण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. "बरं." "हो का." "तुम्हाले तसं वाटलं असंन, बाई." "यावर मी संध्याकाळी बोलते." एवढ्या चार वाक्यांवर अर्धं वर्ष निघते. आवाज तिच्यापेक्षा एक पायरी खाली ठेवायचा. आणि खुलासा द्यायचा नाही, तुझ्यासारख्या खऱ्या पोरी इथंच फसतात. ती म्हणाली पुरण विटलं, तू म्हणाली डाळ काल नाही आज सकाळीच शिजवली, ती म्हणते मग डाळच जुनी असंन, तू म्हणते डाळ तर तुमच्याच वावरातली, झालं, आता वावर निघालं. तुझ्या प्रत्येक खुलाशातून तिला पकडायला नवीन धागा सापडते. पंगतीत एवढंच म्हणायचं, "पाहुण्याईले खाऊ द्या बाई, तुम्हाले भात वाढू का?" आणि खरंच भात वाढायचा. तिरकस "बरं" पण नको हो, ओठ मुडपून म्हटलेलं "बरं" हे सरळ भांडणापेक्षा जास्त लागते आणि ते तिला बरोबर समजते.

हे तू सुरू केलं की ती शांत होईन असं समजू नको. पहिले वाढंल. बी. एफ. स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले. बटणावर चोच मारली की दाणा. दाणा दर वेळी मिळत असला आणि मग बंद झाला तर कबुतर लवकर नाद सोडते, पण कधी मिळते कधी नाही असं ठेवलं तर दाणा बंद झाल्यावरही किती तरी वेळ चोच मारतच राहते. आणि दाणा बंद झाला की सोडून द्यायच्या आधी काही वेळ आणखी जोरजोरात मारते. माणसाचं पण लय वेगळं नाही. तू आठ दिवस गप्प बसली आणि नवव्या दिवशी परात आपटली, तर तिला काय कळलं, की आठ दिवस नेट लावला तर नवव्या दिवशी ही बोलते. म्हणून सुरुवातीला ती तुझ्या माहेरावर जाईन, पोराला बोलंन, सासूजवळ रडंन. तेव्हा तुला वाटंन की हे काही उपयोगाचं नाही, उलट वाढलं. तो काळ काढून ने. दाणा एकदम बंद ठेव.

स्टेटसचं सोपं आहे. तिचं स्टेटस म्यूट कर, तिला कळत नाही. ब्लॉक नको, नंबर डिलीट नको, ते चार दिवसांत गावभर होते. आणि लक्षात घे, स्टेटस कोणी कोणी पाहिलं त्याची यादी तिला दिसते, त्यात तुझं नाव दिसलं की तिचं काम झालं, तू बोललीच पाहिजे असं नाही. उलटं स्टेटस टाकायचं नाही, देवाच्या फोटोखाली सुविचार टाकून टोमणा मारायचा तो प्रकार पण नाही. आणि जी मैत्रीण तुला स्क्रीनशॉट पाठवते तिला प्रेमानं सांग, "माय, हे मले पाठवत नको जाऊ."

आता सासू. इथं जरा थांबते कारण मला वाटते घरातलं अर्धं भांडण या वाटेनं ये-जा करते. स्टीफन कार्पमन या मानसोपचार तज्ज्ञांनी १९६८ साली एक त्रिकोण मांडला होता, की अशा भांडणात तीन भूमिका असतात, एक छळणारा, एक बिचारा आणि एक सोडवायला येणारा, आणि गंमत म्हणजे माणसं एका जागी राहत नाहीत, भराभर जागा बदलतात. तुझी पंगत डोळ्यापुढं आण. जाऊ बोलली तेव्हा ती छळणारी होती आणि तू बिचारी, सारी पंगत तुझ्या बाजूची होती. परात आपटली त्या क्षणाला तू छळणारी झाली, ती बिचारी झाली, तिनं पदर डोळ्याला लावला असंन, आणि सासू सोडवायला धावली ती तिच्याकडे. एका मिनिटात. तुझ्याकडून ते पुरणाचं बोलणं हिरावलं गेलं ते असं. या त्रिकोणातून बाहेर पडायचं तर तिन्हीपैकी कोणतीच जागा घ्यायची नाही, बिचारीची पण नाही, आणि तीच सोडायला सगळ्यात जड जाते, कारण त्या जागी सहानुभूती मिळते.

सासूबाईला वाईट समजू नको. दोन चुलींच्या मध्ये त्या एकट्या, इकडची बातमी तिकडे नेली की दोन्हीकडे चहा मिळते, कोणी तरी बसवून ऐकते, म्हातारपणी माणसाला तेवढं लागते. त्यांना ऐकून घेणारं माणूस दुसऱ्या कामासाठी दे. कुरड्याचा चीक कसा घोटायचा, लोणच्याला मोहरी किती, पोराला पोटात दुखलं तर काय द्यायचं, विचार त्यांना, आणि खरंच ऐक. आणि "ते अशी म्हणत होती तुले" असं घेऊन आल्या की एकच उत्तर, दर वेळी तेच, "आई, त्या मले सांगतीन तर मी ऐकीन, तुम्ही चहा घ्या." जे शेजारच्या चुलीपर्यंत जायला नको ते त्यांना सांगायचंच नाही. हाच नियम वेचणीला. कापूस वेचताना पातीला पात लागून बाया असतात, दिवसभर तोंड चालू, कोणी ना कोणी विचारणारच, "काय म्हणे वं तुही जाऊ?" तू म्हण, "चालू आहे, तुमच्या पऱ्हाटीले बोंडअळी कितीक आहे?" मन मोकळं करायला एक माणूस ठेव, एकच, आणि ते या गावातलं नसलं तर आणखी बरं.

जावेबद्दल पण एक बोलते, रागावू नको. तू यायच्या आधी कित्येक वर्षं ती त्या घराचं सारं करत होती असं तूच लिहिलंस, आणि तू आल्यावर दुसऱ्याच वर्षी चूल वेगळी झाली. तुझा त्यात काही दोष नाही. पण तिच्या मनात ते तुझ्याच नावावर लिहिलेलं असंन. ते तुला खोडता येणार नाही, खोडायच्या मागं लागू पण नको. एवढं कर की ती चांगली वागंन त्या घटकेला तुझं लक्ष तिला मिळू दे. तुझं पोर उन्हात खेळत होतं तर तिनं सावलीत नेऊन बसवलं, असं पत्रात आहे. तेव्हा चारचौघीत म्हणायचं होतं, "बाईनं पाहलं म्हणून बरं झालं." दाणा द्यायचा तर असा द्यायचा.

आता विहीर. हे बोलणं तुझ्या नवऱ्यानं त्याच्या भावाशी करायचं आहे, तू जावेशी नाही. मोटरीजवळ उभं राहून नको, संध्याकाळी कोणी दारू पिऊन आलं असंल तेव्हा तर मुळीच नको. सकाळी चहावर, आणि विषय एकच, पाण्याची पाळी, त्यात पुरण नाही, बॉल नाही, मागच्या पोळ्याला कोण काय बोललं ते नाही. दिवसाची लाइन एक आठवडा तुमची, त्याच्या पुढची दिवसाची आमची, असं काही साधं ठरवायचं, कागदावर लिहायचं, दोघांच्या सह्या आणि दोन माणसं साक्षीला. नाहीच जमलं तर तंटामुक्त समिती आहे. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली ती याचसाठी, गावातला वाद गावात, दोघांच्या संमतीनं मिटावा म्हणून. समितीला निकाल लादायचा अधिकार नाही, पण दहा माणसांसमोर ठरलेलं मोडायला माणूस कचरते. पुढं मागं सातबारा वेगळा करायचा असंल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज करता येते, सारे खातेदार राजी असले की काम सोपं, आणि विहिरीतला हिस्सा सातबाऱ्यावरच्या 'इतर अधिकार' रकान्यात लिहून घ्यायला विसरू नका. आणि उद्या कोणी विहिरीचं पाणीच बंद केलं तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, त्यात शेतीच्या विहिरीचं पाणी परत मिळवायला तहसीलदाराकडे दाद मागता येते, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागते. हे माहीत असू दे, पण भांडणात तोंडावर फेकू नको, "तहसीलमध्ये खेचीन" म्हणणं हा पण तमाशाच.

हे सारं शांत राहणं तोंडाच्या भांडणापुरतं आहे, हे ध्यानात ठेव. कोणी हात उचलला, घराबाहेर काढायची भाषा केली, जीव घ्यायची धमकी दिली तर तिथं श्वास मोजत बसायचं नाही, ११२ लाव किंवा महिलांसाठीचा १८१ लाव. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणच नाही, घालूनपाडून बोलून छळणं पण येते. आणि झोपेचं मनावर घे. दोन आठवड्यांच्या वर झोप येत नसंल, जेवण जात नसंल, किंवा जगून काय करायचं असा विचार एकदाही आला असंल, तर १४४१६ ला फोन कर, टेली मानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री पण लागते आणि मराठीत बोलतात. घरात फवारणीचं औषध उघड्यावर असंल तर ते आजच कुलुपात ठेवायला नवऱ्याला सांग, हे मी कोणालाही सांगते.

पोरावर राग निघाला तर त्याच दिवशी, झोपायच्या आधी, त्याला जवळ घेऊन सांग की आई दुसऱ्या गोष्टीनं चिडली होती, तुझं काही चुकलं नव्हतं. लहान पोरं नाही तर सारं आपल्याच अंगावर घेतात. आणि मोठ्या आईच्या घरून आला की "काय म्हणत होती रे?" असं त्याला विचारू नको, त्याला तिथं खेळायला जाऊ दे, चुलत भावंडांचं चांगलं जमते असं तूच लिहिलंस.

गप्प बसलं की लोक काय म्हणतात ते पण विचारलंस. पुरणावर गप्प आणि पाण्यावर स्पष्ट, असं तू एक हंगाम वागली तर बाया बोलतीन ते बोलतीन, पण तुझ्याजवळ बोलायला येताना जपून येतीन, आणि तेवढं पुष्कळ झालं.

हळदीकुंकवाला बोलाव. कोणाच्या हाती निरोप धाडू नको, स्वतः तिच्या दारात जा, साध्या शब्दात एकदा सांग, आली तर बाकीच्यांना जे वाण तेच तिला. नाही आली तर काहून नाही आली हे कोणालाच विचारायचं नाही. पण पाळीच्या बोलण्याला संक्रांतीची वाट पाहू नका, हरभरा फुलावर यायच्या आधीचं पाणी चुकायला नको, तेव्हा नवऱ्याला म्हणा याच आठवड्यात एखाद्या सकाळी भावाकडे जाऊन बस.